बुद्ध सर्किटचा जमाखर्च: एफ-वन शर्यत परवडली कुणाला?

२०११ साली भाऊबीज शुक्रवारी आली होती, २८ ऑक्टोबरला. पुण्यातला माझा एक मित्र त्या दिवशी बहिणीकडचं ओवाळणं चुकवून बेचाळीस माणसांसह दिल्लीजवळच्या ग्रेटर नोएडाला, बुद्ध सर्किटवर एफ-वनची म्हणजे फॉर्म्युला वन मोटारींची शर्यत बघायला गेला होता. त्याचा सहली नेण्याचा धंदा आहे आणि त्याची हिशेबाची पुस्तकं मी बघतो. सकाळी त्याचा फोन आला. सरावाचं पहिलंच सत्र चालू असताना ट्रॅकवर भटकं कुत्रं शिरलं होतं आणि लाल बावटा दाखवून गाड्या थांबवल्या होत्या. ‘अरे, जगातल्या सगळ्यात वेगवान गाड्या एका कुत्र्यानं अडवल्या,’ तो हसत सांगत होता, ‘आणि पब्लिक टाळ्या पिटतंय!’

दोन वर्षांनी, २०१३ च्या नोव्हेंबरात, त्याच्या वहीतलं ‘एफ-वन’ हे खातं आम्ही बंद केलं. खालचं लिखाण त्याच्या छोट्या खात्यावर कमी आणि त्या शर्यतीच्या मोठ्या खात्यावर जास्त आहे. मित्राची ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. कंपन्या, निकाल आणि मोठे आकडे जाहीर नोंदींतले आहेत.

पार्श्वभूमी

भारतात एफ-वन आणण्याच्या गप्पा त्याआधी कितीतरी वर्षं चालू होत्या. कधी हैदराबादचं नाव पुढे यायचं, कधी बंगळूरचं, कधी मुंबईचं. २००७ मध्ये इंडियन ऑलिम्पिक असोसिएशनचे तेव्हाचे अध्यक्ष आणि पुण्याचे खासदार सुरेश कलमाडी यांनी एफ-वनचे सर्वेसर्वा बर्नी एकलस्टन यांच्याशी प्राथमिक समझोता झाल्याचं जाहीर केलं. शर्यत २००९ मध्ये होईल असं तेव्हा सांगितलं गेलं. ती झाली २०११ मध्ये आणि भरवली जेपी समूहानं. या समूहाचा मूळ धंदा सिमेंट, जलविद्युत प्रकल्प, रस्ते आणि घरबांधणीचा. शर्यती भरवण्याशी त्याचा संबंध नव्हता.

मग तो यात पडला कशाला? त्यासाठी नकाशा बघावा लागतो. आपला मुंबई-पुणे एक्स्प्रेस-वे राज्याच्या रस्ते विकास महामंडळानं बांधला. यमुना एक्स्प्रेस-वेची गोष्ट वेगळी. ग्रेटर नोएडा ते आग्रा हा १६५ किलोमीटरचा रस्ता जेपीनं बांधायचा आणि मोबदल्यात टोल घ्यायचा, शिवाय रस्त्याकडेच्या जमिनी विकसित करायच्या, असा सौदा होता. त्याच पट्ट्यात ‘स्पोर्ट्स सिटी’ आखली गेली. हजारो घरं, व्यापारी संकुलं, क्रिकेटचं मैदान आणि या सगळ्याला नाव मिळवून देणारा शर्यतीचा ट्रॅक. २०११ मध्ये त्या भागात बघण्यासारखं फारसं काही नव्हतं. शेतं, अर्धवट खांब आणि ‘बुकिंग सुरू’चे फलक, एवढंच. मोबदल्यासाठी शेतकऱ्यांची आंदोलनंही चालू होती, आणि त्याच वर्षी मे महिन्यात भट्टा-परसौल गावातल्या चकमकीत माणसं मेली होती. हा खर्च कुठल्याच ताळेबंदात दिसत नाही, म्हणून त्याची इथं नोंद करून ठेवतो.

ट्रॅक मात्र देखणा झाला. हर्मन टिल्के यांचा आराखडा, सव्वापाच किलोमीटरच्या आतली लांबी, सोळा वळणं, लाखाहून जास्त माणसं बसतील एवढे स्टँड. खर्च सुमारे ४० कोटी डॉलर, म्हणजे त्या वेळचे दोन हजार कोटी रुपये. ३० ऑक्टोबरला पहिली शर्यत सेबास्टियन व्हेटेलनं जिंकली. शेवटचा चौकटींचा झेंडा सचिन तेंडुलकरनं फडकवला आणि करंडक मुख्यमंत्री मायावतींनी दिला. भारताचा नारायण कार्तिकेयन सतरावा आला तरी स्टँडमध्ये त्याच्या नावाचा घोष चालू होता. प्रेक्षक ९५ हजारांच्या घरात. टीव्हीवर बघणाऱ्याला यात तोटा कुठं दिसणार?

अडचण

तोटा करारात होता. हा करार पुढे करखात्याच्या वादात सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, म्हणून त्यातली कलमं आज आपल्याला वाचता येतात. एरवी अशी कागदपत्रं कुणाच्या दृष्टीस पडत नाहीत.

१३ सप्टेंबर २०११ रोजी, शर्यतीला दीड महिना उरला असताना, ब्रिटनमधल्या फॉर्म्युला वन वर्ल्ड चॅम्पियनशिप लिमिटेड या कंपनीनं जेपीला भारतात शर्यत भरवण्याचा हक्क दिला. किंमत ४ कोटी डॉलर. हा करार २००७ मधल्या आधीच्या कराराच्या जागी आला. त्याच दिवशी आणखी एक करार झाला, एफ-वनची चिन्हं आणि नावं वापरण्याचा. त्याची किंमत एक डॉलर.

गंमत यापुढे आहे. त्याच दिवशी जेपीनं आपल्या हातातले बहुतेक व्यापारी हक्क एफ-वनच्याच भगिनी कंपन्यांना देऊन टाकले. प्रक्षेपणाचे हक्क आणि शर्यतीला प्रायोजकाचं नाव देण्याचा हक्क एका कंपनीकडे गेला. पॅडॉकमधल्या, म्हणजे संघांसाठी राखीव आवारातल्या, श्रीमंती पाहुणचाराचा हक्क दुसरीकडे, आणि टीव्हीसाठी चित्रीकरण करण्याचं काम तिसरीकडे. शर्यतीला ‘एअरटेल’चं नाव लागलं ते ८० लाख डॉलरना. पण तो सौदा भगिनी कंपनीनं १६ ऑगस्टलाच करून टाकला होता. म्हणजे हक्क तिच्या हाती कागदोपत्री येण्याच्या चार आठवडे आधी! न्यायालयानंही ही तारीख निकालात टिपली आहे. मालकी नक्की कुणाची आहे याबद्दल एकाही पक्षाच्या मनात शंका नव्हती, असा मी त्याचा अर्थ लावतो.

गावच्या जत्रेशी तुलना करून बघा. जत्रेची जागा तुमची, मांडव तुमचा, वीज-पाणी तुमचं, बंदोबस्त तुमचा. पाळणेवाल्याला बोलावण्यासाठी उलट त्यालाच तुम्ही पैसे द्यायचे. दुकानांचं भाडं, कमानीवरची जाहिरात आणि फोटोवाल्याचा ठेका हे सगळं पाळणेवाल्याचं. तुमच्याकडे उरते दारावरची पावती.

आता त्या पावतीचं गणित करू. २०११ च्या ऑक्टोबरअखेर डॉलर ४९ रुपयांच्या आसपास होता, म्हणजे हक्काचे पैसे झाले १९६ कोटी. प्रेक्षक ९५ हजार धरले आणि एकही पास फुकट वाटला नाही असं मानलं, तरी नुसते हे पैसे निघायला माणशी सरासरी २० हजार ६०० रुपये मिळायला हवे होते. स्टँडची तिकिटं होती अडीच हजारांपासून पस्तीस हजारांपर्यंत आणि माझ्या मित्राच्या बेचाळीसपैकी एकोणचाळीस जणांकडे सगळ्यात खालच्या दोन दरांतली होती.

दुसऱ्या वर्षी प्रेक्षक ६५ हजारांवर आले. तेवढ्यात डॉलर ५४ रुपयांपर्यंत चढला होता. हक्काची किंमत पहिल्या वर्षीइतकीच धरली तरी ४ कोटी डॉलर म्हणजे २१६ कोटी रुपये, माणशी ३३ हजार. म्हणजे स्टँडवरच्या प्रत्येकानं पहिल्या वर्षीच्या दरानं जवळपास सगळ्यात महागडं तिकीट काढलं असतं, तरच हक्काची रक्कम वसूल झाली असती. यात ट्रॅकच्या दोन हजार कोटींवरचं व्याज नाही. ते अकरा टक्क्यांनी धरलं तर आणखी २२० कोटी. हा व्याजदर मी फक्त अंदाज यावा म्हणून घेतला आहे. दर थोडा कमी-जास्त केला तरी चित्र बदलत नाही. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात ते हेच.

कराचा तिढा

२००९ मध्येच केंद्रीय क्रीडा मंत्रालयानं भूमिका घेतली होती की एफ-वन हा खेळ नसून करमणूक आहे. हा वाद नुसता शब्दांचा नव्हता. खेळ ठरला असता तर परकीय चलन बाहेर पाठवण्याची परवानगी, सामानावरचं सीमाशुल्क आणि करमणूक कर या तिन्ही ठिकाणी दारं उघडली असती. करमणूक ठरल्यावर प्रत्येक दारावर वेगळी रांग.

मायावती सरकारनं करमणूक कर माफ केला. त्याविरुद्ध जनहित याचिका दाखल झाली आणि पहिल्या शर्यतीच्या जेमतेम आठवडाभर आधी सर्वोच्च न्यायालयानं तिकिटांच्या उत्पन्नातला २५ टक्के हिस्सा वेगळ्या खात्यात ठेवायला सांगितला. ज्या एकाच दारातून पैसा येत होता, त्याच्यापुढेही आता पेटी ठेवली गेली. जोडीला आयकर खात्याचा प्रश्न होताच. ४ कोटी डॉलर परदेशी कंपनीला देताना त्यातून कर कापायचा की नाही? टीमांच्या उत्पन्नातला भारतातल्या शर्यतीपुरता हिस्साही करपात्र धरण्याची भाषा सुरू झाली. सामान घेऊन पाच दिवसांसाठी येणाऱ्या टीमांना हे रुचणार नव्हतं.

उत्तर प्रदेश सरकारच्या बाजूनंही एक गोष्ट मला कायम खटकत आली आहे. कर माफ केला उत्तर प्रदेशनं, पण बाहेरून आलेला प्रेक्षक उतरायचा दिल्लीच्या विमानतळावर, राहायचा दिल्लीत, जेवायचा दिल्लीत. माझ्या मित्राची माणसं करोल बागेतल्या एका हॉटेलात होती. सकाळी बसनं नोएडाला जायची, दिवसभर धुळीत बसायची आणि रात्री परत यायची. उत्तर प्रदेशच्या हद्दीत त्यांनी काय खर्च केला? पाण्याच्या बाटल्या, छोले-कुलचे आणि टोप्या.

शिवाय ऑक्टोबर-नोव्हेंबर हा दिल्लीतल्या हॉटेलांचा तसाही भरलेला हंगाम. त्या हॉटेलवाल्यानं मित्राला सरळ सांगितलं होतं, ‘आप नहीं आते तो आगरा वाले टूरिस्ट आते.’ तीन रात्रींचं पूर्ण भाडं त्यानं आगाऊ घेतलं आणि दर नेहमीच्या दुप्पट लावला. मोठ्या शर्यतींचे ‘आर्थिक परिणाम’ मोजणारे अहवाल अशा हॉटेलातली प्रत्येक खोली शर्यतीच्या नावावर मांडतात. खरी भर मात्र दोन दरांमधल्या फरकापुरतीच असते.

समोर कोणते पर्याय होते

पहिला पर्याय सिंगापूरचा. तिथं २००८ मध्ये रात्रीची पहिली एफ-वन शर्यत शहराच्या रस्त्यांवर झाली. शर्यतीतून आयोजकाला फायदा होणार नाही, शहराला होईल, हे सरकारनं आधीच मान्य केलं होतं. म्हणून मंजूर खर्चाचा ६० टक्के वाटा सरकारनं उचलला. तो वसूल करायला त्या दिवसांत हॉटेलांवर उपकर बसवला, ट्रॅकला लागून असलेल्या हॉटेलांच्या खोलीभाड्यावर ३० टक्के आणि इतरांच्या २० टक्के. ज्याच्या गल्ल्यात पैसा पडतो त्याच्याचकडून तो घ्यायचा, इतकी साधी रीत. आपल्याकडे हॉटेलं एका राज्यात, ट्रॅक दुसऱ्या राज्यात आणि आयकर केंद्राकडे. सिंगापूरचा नमुना जसाच्या तसा इथं बसला नसता, हे मान्य. पण तसा विचार झाल्याचं जाहीर नोंदींत मला कुठं दिसलं नाही.

दुसरा पर्याय लहान सुरुवातीचा. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई इथला ट्रॅक १९९० पासून चालू आहे, कोइंबतूरला कारी मोटर स्पीडवे आहे. तिथं एफ-वन चालणार नाही, पण खालच्या दर्जाच्या आंतरराष्ट्रीय शर्यती भरवून प्रेक्षक, मार्शल (ट्रॅकवर सुरक्षेची देखरेख करणारी माणसं) आणि सरकारी परवानग्यांची घडी बसवता आली असती. हा रस्ता लांबचा होता, आणि जमीन विकायची घाई असलेल्या कंपनीला लांबचा रस्ता नको असतो.

तिसरा पर्याय जेपीनं घेतला तो. सगळं स्वतः बांधायचं, शर्यतीतला तोटा जाहिरातखर्च समजायचा आणि तो घरांच्या किमतीतून भरून काढायचा. मला तो मूर्खपणाचा वाटत नाही. जगभर थेट प्रक्षेपण होणारी जाहिरात २०० कोटींना मिळत असेल आणि तिच्या जोरावर हजारो घरं चढ्या भावानं खपत असतील, तर सौदा वाईट नाही. अट एकच: घरं खपली पाहिजेत.

निर्णय कुठं झाला

लोक २०१३ कडे बोट दाखवतात, कारण शर्यत तेव्हा गेली. माझ्या मते खरा निर्णय त्याच्या कितीतरी आधी होऊन गेला होता. मंत्रालयानं ‘करमणूक’ म्हटल्यानंतरही ट्रॅकचं काम चालूच राहिलं. त्या दिवशी थांबून करांचा प्रश्न लेखी सोडवून घेता आला असता. एकदा दोन हजार कोटी मातीत गेले की वाटाघाटींत बोलायला तोंड उरत नाही. सप्टेंबर २०११ चा करार वाचताना हेच जाणवतं. ट्रॅक उभा आहे, तिकिटं विकली जात आहेत, प्रायोजक समोरच्या पक्षानं आधीच ठरवून टाकला आहे. अशा वेळी कोण म्हणेल, ‘प्रायोजकाचे निम्मे पैसे आम्हाला द्या, नाहीतर सही करत नाही’?

दुसरा मुद्दा डॉलरचा. उत्पन्न रुपयांत, देणं डॉलरमध्ये, आणि तेही अनेक वर्षांसाठी. २०१३ च्या ऑगस्टअखेर रुपया डॉलरमागे ६८ च्या वर घसरला. ऑक्टोबरातल्या शर्यतीपर्यंत थोडा सावरून ६१-६२ वर आला, तरी २०११ च्या तुलनेत तेच ४ कोटी डॉलर पन्नास कोटी रुपयांनी महागले होते. आयात-निर्यात करणारा पुण्यातला लहानसा कारखानदारही पुढच्या डॉलरचा दर आधी बांधून ठेवतो. इथं ते केलं होतं की नाही, हे बाहेरून सांगता येत नाही. पण प्रेक्षक घटत असताना हा बोजा वाढत गेला, एवढं नक्की.

काय केलं गेलं

पहिल्या वर्षीच्या गर्दीनंतर दुसऱ्या वर्षी तिकिटांचे दर खाली आणले. ट्रॅक वर्षभर चालता ठेवण्यासाठी इतर स्पर्धा आणण्याचेही प्रयत्न झाले. सुपरबाइकच्या विश्वमालिकेची २०१३ ची फेरी जाहीर झाली, पुढे ढकलली गेली आणि शेवटी रद्द झाली. उरलं ते देशी शर्यती, गाड्यांच्या चाचण्या, नव्या मोटारसायकलींचे समारंभ आणि हौशी लोकांचे ट्रॅक-डे. २०१४ च्या मार्चमध्ये टाटा मोटर्सनं तिथं ट्रकच्या शर्यती भरवल्या. मित्राच्या मते करमणुकीत त्या एफ-वनपेक्षा सरस होत्या, कारण ‘ट्रक वळताना दिसतो तरी’.

मधल्या काळात रस्ता ऑगस्ट २०१२ मध्ये खुला झाला. पण ज्या सरकारनं करमाफी दिली होती, ते मार्चमधल्या निवडणुकीत गेलं होतं. ज्या घरांच्या विक्रीवर सगळी मदार होती, तो बाजारही थंडावत चालला होता. समूहावर कर्जाचा डोंगर होता. जाहिरात झाली खरी, पण गिऱ्हाईक दुकानापर्यंत यायच्या आत दुकानदार सावकाराच्या तावडीत सापडला.

निष्पत्ती

२०१३ च्या उन्हाळ्यात एकलस्टन यांनी सांगितलं की २०१४ ला भारतात शर्यत नाही आणि २०१५ च्या सुरुवातीला ती परत येईल. २७ ऑक्टोबरला व्हेटेलनं सलग तिसऱ्यांदा इथं जिंकून चौथं विश्वविजेतेपद पक्कं केलं आणि सरळ पट्ट्यावर गाडी गरगर फिरवून धूर काढला. त्याबद्दल त्याच्या संघाला २५ हजार युरो दंड झाला. त्या ट्रॅकवरची ती शेवटची एफ-वन शर्यत. २०१५ आलं आणि गेलं.

करखात्याची लढाई मात्र चालूच राहिली. करांबाबत आगाऊ निर्णय देणाऱ्या प्राधिकरणानं एक म्हटलं, दिल्ली उच्च न्यायालयानं दुसरं. अखेर २४ एप्रिल २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयानं निर्णय दिला की शर्यतीच्या त्या दिवसांत बुद्ध सर्किट हेच परदेशी कंपनीचं भारतातलं धंद्याचं कायम ठिकाण होतं, त्यामुळे तिच्या इथल्या नफ्यावर भारतात कर लागेल. न्यायालयाचा युक्तिवाद मला फार आवडतो. ट्रॅकवर कोण जाणार, काय दाखवलं जाणार, काय विकलं जाणार, हे सगळं तीच कंपनी ठरवत होती. मग ठिकाण तिचं नाही तर कुणाचं? करासाठी दिलेलं हे उत्तर धंद्यालाही तंतोतंत लागू होतं. जेपी त्या तीन दिवसांत स्वतःच्या घरात पाहुणी होती आणि भाडंही तीच भरत होती.

पुढे यमुना एक्स्प्रेस-वे प्राधिकरणानं थकबाकीपायी स्पोर्ट्स सिटीच्या जमिनीचं वाटप रद्द केलं. २०२३ च्या सप्टेंबरात दुसऱ्या एका आयोजकानं मोटोजीपी ही मोटारसायकलींची विश्वमालिका तिथं आणली. व्हिसा वेळेत न मिळाल्यानं काही नामवंत रायडर निघण्याआधीच अडकले, उन्हामुळे फेऱ्या २४ वरून २१ कराव्या लागल्या, आणि २०२४ ची शर्यत झालीच नाही. २०२४ च्याच जूनमध्ये जेपी समूहाची मुख्य कंपनी जयप्रकाश असोसिएट्स दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. मार्च २०२५ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयानं जमीनवाटप रद्द करणं योग्य ठरवलं.

वेगळं काय करता आलं असतं

हे सगळं भारतापुरतंच होतं असं म्हणून सुटका नाही. सिल्व्हरस्टोन हे इंग्लंडमधलं एफ-वनचं माहेरघर. पहिली विश्वविजेतेपदाची शर्यत १९५० मध्ये तिथंच झाली. स्टँड भरलेले, ट्रॅक जुना, करांचा तिढा नाही. तरीही २०१५ मध्ये त्यांना २८ लाख पाऊंड तोटा झाला आणि २०१६ मध्ये ४८ लाख. कारण हक्काची रक्कम दरसाल पाच टक्क्यांनी चढत होती. २०१० मधले ११५ लाख पाऊंड २०१७ पर्यंत १६२ लाखांवर पोचले होते. फरक इतकाच की त्यांच्या करारात मधेच बाहेर पडण्याचं कलम होतं. २०१७ च्या जुलैमध्ये त्यांनी ते वापरलं आणि तोटा किती होतो ते जाहीरपणे सांगितलं. दोन वर्षं घासाघीस झाली आणि २०१९ मध्ये नवा करार झाला. शर्यत आजही तिथं होते. मलेशियाला सेपांगमध्ये हे जमलं नाही. त्यांनी २०१७ नंतर शर्यतच सोडली. कोरियाची येओंगाममधली शर्यत तर आपल्याबरोबरच २०१३ ला आटोपली.

म्हणून जेपीच्या जागी मी असतो तर पहिल्यांदा बाहेर पडण्याचं कलम मागितलं असतं, ट्रॅकची वीट लावण्याआधी. दुसरी मागणी प्रायोजकाच्या पैशातल्या वाट्याची. हक्काच्या ४ कोटी डॉलरच्या तुलनेत ८० लाख डॉलर म्हणजे पाचवा हिस्सा, तो लहान नाही. आणि शर्यतीचं खातं जमिनीच्या खात्यापासून वेगळं ठेवलं असतं. संचालकांसमोर दर वर्षी दोनच आकडे मांडायचे: शर्यतीनं किती खाल्लं आणि त्या वर्षी शर्यतीमुळे किती घरं जास्त विकली गेली. दुसरा आकडा काढणं अवघड आहे. पण न काढता तो ‘असेलच’ असं धरून चालणं सोपं, आणि बहुतेक ठिकाणी तेच होतं.

सरकारनं काय करायला हवं होतं, यावर माझं मत मित्राशी जुळत नाही. तो म्हणतो करमाफी हवीच, नाहीतर कुणी येणार नाही. मी म्हणतो माफी द्या, पण वसुली कुठून करणार ते आधी ठरवा. दिल्लीतल्या हॉटेलांकडून उत्तर प्रदेशला काही मिळणार नसेल, तर उत्तर प्रदेशनं स्वतःच्या शाळा-दवाखान्यांचे पैसे त्यांच्या खोल्या भरायला का घालावेत? यावर तो म्हणतो, ‘तू अकाउंटंटच राहणार.’

मित्राचं खातं

पहिल्या वर्षी बेचाळीस, दुसऱ्या वर्षी सव्वीस, तिसऱ्या वर्षी अकरा. पहिल्या वर्षी त्याला बरा नफा झाला. दुसऱ्या वर्षी बरोबरी. तिसऱ्या वर्षी हॉटेलात वीस खोल्यांचे पैसे भरून बसला होता, त्यातल्या चौदा रिकाम्या राहिल्या. वहीत तीन वर्षांची बेरीज केली तेव्हा हाती उणे अठ्ठावीस हजार आले. त्यानं त्या आकड्याकडे जरा वेळ बघितलं आणि विचारलं, ‘यात भाऊबिजेची साडी धरलीस का?’ पहिल्या वर्षी बहीण रुसली होती, तिला समजावायला घेतलेली पैठणी त्यानं धंद्याच्या खर्चात टाकली होती. मी ती काढली. उणे सोळा हजार.

२०२३ ची मोटोजीपी जाहीर झाल्यावर त्याचा पुन्हा फोन आला. मी विचारलं, किती खोल्या धरल्यास?

‘एकही नाही,’ तो म्हणाला. ‘दोन तिकिटं काढलीत. एक माझं, एक ताईचं.’